वैरागडेभाऊंचा शेक

चंद्रपूरच्या माणसाला उन्हाच्या गोष्टी सांगू नयेत. दोन हजार एक्केचाळीसच्या मे महिन्यात पारा अठ्ठेचाळीसवर गेला, तेव्हा बाहेरगावची माणसं बातम्या बघून हळहळत होती आणि इथली माणसं डोक्याला दुपट्टा गुंडाळून भाजी आणायला निघाली होती. माणसांचं कसंही निभतं. निभत नाही ते यंत्रांचं. त्यामुळे मे महिना म्हणजे पौर्णिमा खोब्रागडेची सुगी. जटपुरा गेटजवळच्या तिच्या दुकानात सकाळी दहालाच तापून बंद पडलेल्या लॅपटॉपांची रांग लागायची. पौर्णिमा चव्वेचाळीस वर्षांची, एकटी राहणारी, जिभेची जरा तिखट. गिऱ्हाईक तिला घाबरून असायचं, पण दुसरीकडे जायचं नाही.

एका मंगळवारी दुकानाच्या पायरीवर मंदाकाकू वैरागडे येऊन उभ्या राहिल्या आणि पौर्णिमा हातातलं काम विसरली. गेली वीस वर्षं काकू या रस्त्यानं गेल्या तर समोरच्या कडेनं जात, मान दुसरीकडे वळवून.

आजही त्यांनी नमस्कार-चमत्कार काही केला नाही. पिशवीतून लॅपटॉप काढून टेबलावर ठेवला.

"शेक दे याले," त्या म्हणाल्या. "त्यायनंच सांगितलं. बंद पडायच्या आधी शेवटचा शब्द तोच निघाला यातून."

शेक म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण आता तो कोणी देत नाही. लॅपटॉपात सगळ्यात जास्त राबणारी आणि सगळ्यात जास्त तापणारी वस्तू म्हणजे ग्राफिक्स चिप. पडद्यावर दिसतं ते सगळं तिनं रंगवलेलं असतं. ती असते टिकलीएवढी, सिलिकॉनची, आणि खालच्या हिरव्या पाटीवर खसखशीहून बारीक अशा शेकडो टाक्यांनी डकवलेली. आता गंमत अशी की तापल्यावर पाटी जास्त फुगते आणि टिकली कमी. गार झाल्यावर दोघी आपापल्या मापानं आक्रसतात. या ओढाताणीत मधल्या टाक्यांचा जीव जातो. रोज चार वेळा तापणं-निवणं झालं की वर्षा-दोन वर्षांत एखादा टाका तडकतो, पडद्यावर रंगीत रेघा येतात आणि मग काळोख.

अशा मेलेल्या चिपवर गरम हवेचा झोत सोडला की ती उठून बसते, हे कोणा कारागिराला कधीतरी सापडलं. चंद्रपुरात ही विद्या दामोदर वैरागडे यांनी आणली आणि तिला शेक हे नाव दिलं. गुडघ्याला देतात तसाच. गाव त्यांना वैरागडेभाऊ म्हणे आणि त्यांच्या हाताला गुण आहे म्हणे. पौर्णिमा एकोणिसाव्या वर्षी त्यांच्या दुकानात शिकायला लागली. भाऊंनी तिला हातचं राखून काही शिकवलं नाही. झोत किती लांब धरायचा, कधी थांबायचं, चिपवरून येणाऱ्या वासावरून काय ओळखायचं, सगळं दिलं. दुपारी भाऊंच्या बायकोनं, म्हणजे याच मंदाकाकूंनी, डबा पाठवला की त्यातली अर्धी भाकर तिची असे.

पण शेकानं चिप बरी होत नाही. तडकलेल्या टाक्याची टोकं उष्णतेनं फुगतात आणि एकमेकांना टेकतात, इतकंच. महिना-दोन महिन्यांनी पुन्हा सुटतात. हे भाऊंना ठाऊक होतं. पौर्णिमालाही हळूहळू कळलं. आणि एक दिवस, एक शिक्षक तोच लॅपटॉप घेऊन तिसऱ्यांदा आले तेव्हा, चार गिऱ्हाइकांसमोर ती बोलून गेली की सर, याला कितीही शेक दिला तरी हा मुळातून बरा व्हायचा नाही.  भाऊ रागावले नाहीत, ओरडले नाहीत. संध्याकाळी शटर ओढताना फक्त म्हणाले, उद्यापासून नको येऊ. गावात बोभाटा व्हायला वेळ लागला नाही. दोन वर्षांत भाऊंचं दुकान बंद झालं. भाऊंनी त्यावर कधी चकार शब्द काढला नाही. बोलल्या त्या काकू, आणि जिथं तिथं एकच बोलल्या: पोरगीनं खाल्ल्या घरचे वासे मोजले.

आणि आता त्या पौर्णिमाच्या टेबलासमोर उभ्या होत्या. काकू म्हणजे स्वाभिमानाचा डोंगर; इथं यायला त्यांना काय पडलं असेल, ते पौर्णिमाला त्यांच्या आवळलेल्या ओठांवरून दिसलं.

चार वर्षांपूर्वी भाऊंना अर्धांगाचा झटका आला आणि वाचा गेली. पहिले आठ महिने घरात यंत्र नव्हतं. तेव्हा काकू त्यांच्या भुवईवरून, घशातल्या हुंकारावरून सगळं ओळखायच्या. भुवई वर म्हणजे हो. मग सरकारी योजनेतून हा बोलता लॅपटॉप आला. गळ्याभोवती एक मऊ पट्टा बांधायचा. माणूस बोलू पाहतो तेव्हा घशाचे स्नायू जे बारीक हलतात, ते पट्टा टिपतो, आणि लॅपटॉपातली ग्राफिक्स चिप त्या हालचालीतून वाक्य ओळखून ते मोठ्यानं म्हणते. चित्रं रंगवता रंगवता या चिपा असल्या कामालाही जुंपल्या गेल्या होत्या. तीन वर्षांत ती चिप भाऊंच्या घशाला इतकी सरावली की भाऊंनी अर्धा शब्द मनात आणावा आणि तिनं पूर्ण वाक्य बोलावं. काकूंनीही मग भाऊंच्या तोंडाकडे बघणं सोडलं. लॅपटॉपाकडे कान देऊन भाजी निवडत बसू लागल्या.

पौर्णिमानं लॅपटॉप उघडला. टाके तडकले होते, जुनंच दुखणं. शेक दिला असता तर पाच मिनिटांत पडदा उजळला असता. तिनं झोताची नळी हातात घेतली नाही, बाजूला सरकवली. काकूंच्या डोळ्यांत तेवढ्यानं अंगार आला. आताही तुले त्यायच्यापेक्षा जास्त समजते का, असं त्यांनी विचारलं.

"काकू, ऐका जी," पौर्णिमा म्हणाली. "शेक दिला तर हा चालू होईल. पण भाऊंले ओळखणार नाही."

जुन्या चिपा नुसत्या हिशेब करायच्या, लक्षात ठेवायचं काम दुसरीकडे व्हायचं. या नव्या चिपेत शिकलेलं तिच्या अंगातच मुरतं. तिच्यात कोट्यवधी बारीक थर असतात. शिकता शिकता त्यातल्या कोणत्या थरातून वीज सहज जाते आणि कोणत्यातून अडखळत, हे बदलत जातं. ते बदललेलं अडखळणं म्हणजेच तिचं ज्ञान. दीडशे अंशांच्या वर हे थर सगळं विसरतात. आणि शेकाची हवा अडीचशेच्या पुढची.

मग याची नक्कल काढून दुसऱ्यात घाल, असं काकू म्हणाल्या, आणि ते कोणीही म्हटलं असतं. पण प्रत्येक चिपचे थर जन्मतःच वेगळे असतात. एकीचं अडखळणं दुसरीत जसंच्या तसं उतरवलं तर नुसती बडबड ऐकू येते. सुगरणीच्या हातची चव कागदावर लिहून देता येत नाही. शिकणारीला तिच्या चुलीशेजारी बसावं लागतं. तसंच इथं. जुनी चिप जिवंत राहून बोलत असेल, भाऊ घशातून सांगत असतील आणि नवी शेजारी बसून दोघांचं ऐकत असेल, तर तीस-एक तासांत ती बरंचसं शिकते. नव्यानं पहिल्यापासून शिकवायचं तर वर्ष लागतं, आणि जानेवारीतल्या दुसऱ्या झटक्यानंतर भाऊंचा घसा लवकर थकत होता. वर्षभराची मेहनत त्या घशात उरली नव्हती. म्हणजे ही जुनी चिप तीस तास जगली तर भाऊ बोलणार, नाहीतर नाही.

पौर्णिमा त्याच संध्याकाळी भाऊंच्या घरी गेली. भाऊ खाटेवर उशाला टेकून बसले होते, अर्धा चेहरा ओघळलेला, डोळे मात्र पूर्वीचेच. तिनं सगळं समजावून सांगितलं. भाऊंनी डोळे मिटून घेतले. आपल्या हाताची विद्या आपल्याच वाचेवर उठते आहे, हे कोणत्या कारागिराला गोड लागेल? मग त्यांनी चांगला हात पुढे केला. पौर्णिमानं चिप आणि भिंग त्यांच्यासमोर धरलं. त्यांनी ती नीट पाहिली, एखाद्या सोनारानं पाहावी तशी, आणि भुवई वर केली.

आता प्रश्न होता थंडीचा. तडकलेले टाके एकमेकांना टेकवून ठेवायचे तर दोन गोष्टी हव्यात: चिपवर सगळीकडून सारखा दाब, आणि ती तापून वाकणार नाही एवढा गारवा. दाबासाठी पौर्णिमानं तांब्याची पट्टी घासून चार स्क्रूंची चौकट केली. गारवा मात्र चंद्रपुरात मे महिन्यात आणायचा कुठून? कूलरची हवा ओली, ती उपयोगाची नाही. तिला वरोऱ्याच्या रस्त्यावरचं मिरचीचं कोल्ड स्टोरेज आठवलं. तिथले मॅनेजर ताजने यांचे वजनकाटे तीच दुरुस्त करायची. ताजने आधी म्हणाले, हे मिरचीचं गोदाम आहे, दवाखाना नाही. मग भाऊंचं नाव ऐकल्यावर त्यांना आपला कॉलेजातला लॅपटॉप आठवला. त्याला भाऊंनी दोनदा शेक दिला होता. तो तिसऱ्यांदा बंद पडल्याचं ताजनेंनी सांगितलं, पण दार उघडून दिलं.

दोन्ही लॅपटॉप, जुना आणि शिकवण्यासाठी आणलेला नवा, आतल्या खोलीत, सात अंशांत, मिरचीच्या पोत्यांमध्ये ठेवले. भाऊंची खुर्ची बाहेरच्या बोळात, जिथं गारवा सोसवण्यासारखा होता. गळ्यातल्या पट्ट्याची तार दाराच्या रबराखालून आत, आणि आवाज ऐकू यावा म्हणून एका छोट्या स्पीकरची तार बाहेर. पौर्णिमा आत बसली, दोन स्वेटर आणि कानाला मफलर. बाहेर डांबर वितळत होतं आणि ही बाई दात वाजवत होती. ताजनेंचे हमाल तिला बघायला मुद्दाम चकरा मारत.

तिनं चौकट बसवली. एक स्क्रू पाव फेरा, मग त्याच्या समोरचा, मग तिसरा, मग चौथा. घाई केली तर सिलिकॉनची टिकली काचेसारखी फुटते, हे तिला भाऊंनीच शिकवलं होतं. दुसऱ्या फेरीला पडदा उजळला आणि सकाळच्या आठ वाजता, बारा दिवसांनी, भाऊंचा आवाज आला: "मंदे, चहात साखर नव्हती."

काकू बोळात भिंतीला टेकून रडल्या. साखरेवरून इतकं कोणी कधी रडलं नसेल.

मग भाऊ बोलत सुटले. शिकवायचं तर बोलावंच लागणार होतं. रोज सकाळी आठ ते संध्याकाळी सहा, मधे जेवणाची आणि घशाची विश्रांती. इरई नदीच्या पुरात दुकान बुडालं ते सांगितलं, लग्नात वरात चुकीच्या मांडवात गेली ते सांगितलं, वीज केंद्रातल्या एका साहेबाच्या संगणकात पाल शिजून मेली होती ते तर दोनदा सांगितलं. जुना लॅपटॉप वाक्य बोले, नवा त्याच्या मागून पुटपुटे, चुके, सुधारे. मिरचीच्या खकाण्यानं भाऊंना शिंक आली की नवा गोंधळून "नागपूर" म्हणे. पहिल्या दिवशी तो अकरा वेळा नागपूर म्हणाला. काकूसुद्धा हसल्या, आणि दाराच्या काचेतून पौर्णिमा बघते आहे हे लक्षात येताच त्यांनी पदर तोंडाला लावला.

भाऊ सगळं बोलत होते, पण वीस वर्षांपूर्वीच्या त्या दिवसाजवळ आले की वळसा घालून पुढे जात होते. पौर्णिमाला ते कळत होतं. आपण इथं कामासाठी आलो आहोत, असं ती स्वतःला बजावत होती. खरं सांगायचं तर तिला ते ऐकायचं होतं. वडील नसलेल्या पोरीला ज्या माणसानं भाकर आणि विद्या दिली, त्यानं एका खऱ्या बोलासाठी तिला घालवून दिलं, हे तिच्या छातीत वीस वर्षं कच्चं राहिलं होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी, चोविसावा तास चालू असताना, भाऊ थांबले. घोटभर पाणी प्यायले. मग आतल्या खोलीत आवाज आला:

"पौर्णिमा, त्या दिवशी दुकानात तू जे बोलली..."

आणि पडद्यावर हिरवी रेघ आली.

थांबायला हवं होतं. चिपला दहा मिनिटं निवू द्यायचं, मग हळूच बघायचं, हे तिला झोपेतही सांगता आलं असतं. पण वाक्य अर्धं होतं. तिचा हात स्क्रूकडे गेला. पाव फेरा. रेघ गेली, आवाज खरखरला, "तू जे..." इतकंच आलं, आणि रेघ परत आली. तिनं आणखी पाव फेरा दिला, त्याच स्क्रूला, समोरचा न फिरवता. शिकाऊ पोरंही करत नाहीत अशी चूक. टिचकी वाजवावी एवढा बारीक आवाज झाला. पडदा काळा झाला, आणि या वेळी तो उजळण्याचा प्रश्नच नव्हता.

ती पोत्यांमध्ये तशीच बसून राहिली. चिप बिघडलीच होती, आज ना उद्या जायचीच होती, असं सांगितलं असतं तर कोणाला कळलं नसतं. ताजनेंना नाही, काकूंना तर मुळीच नाही. ती उठून बोळात आली.

"काकू, चिप फुटली," ती म्हणाली. "आपोआप नाही फुटली. मले भाऊंचं पुढचं ऐकायचं होतं, म्हणून मी जास्त आवळलं. चूक माही आहे."

काकू भाऊंच्या गळ्यातला पट्टा सोडू लागल्या. भाऊंनी तिच्याकडे पाहिलं, मग मान फिरवली. तिला वाटलं, संपलं.

चार दिवस तिनं दुकान उघडलं नाही. पाचव्या दिवशी सकाळी ती भाऊंच्या घरी गेली, कारण नवा लॅपटॉप चालू करून देणं राहिलं होतं आणि काम अर्धवट टाकायची तिला सवय नव्हती. नव्या चिपला दोन-तृतीयांश येत होतं. चहा, औषध, पंखा, ऊन, ताजनेंची मिरची हे सगळं ती नीट बोलत होती. न कळलेल्या जागी ती गप्प राहून विचारायची, "हे मला समजलं नाही. कोणी सांगेल का?" मग जवळच्या माणसानं अर्थ सांगायचा, भाऊंनी भुवई वर करून होकार द्यायचा, आणि तेवढं ती शिकायची. रचनाच तशी होती.

पण सांगणार कोण? पौर्णिमाला भाऊंचा हुंकार कळत नव्हता. कळत होता एकट्या काकूंना. तीन वर्षांत सवय मोडली होती, म्हणून पहिला तासभर त्या चाचपडल्या. मग खुर्ची भाऊंच्या अगदी समोर ओढून घेऊन, त्यांच्या तोंडाकडे टक लावून, त्या एकेक ओळखू लागल्या. "खिडकी लावा म्हणतात." भुवई वर. "शेजारच्या गुप्तांच्या घरी कोण आलं म्हणतात." भुवई वर. यंत्र शिकत गेलं. पौर्णिमानं मनात हिशेब केला: जुन्या चिपनं अर्धवट सोडलेलं काकू महिनाभरात पुरं करतील. तिला बरं वाटलं. आणि त्याच वेळी तिच्या ध्यानात आलं की आता भाऊंच्या तोंडून काय निघायचं आणि काय नाही, हे बऱ्याच अंशी या बाईच्या हातात आहे. काकूंनी एखादं वाक्य न ओळखल्यासारखं केलं, तर ते जगात आलंच नाही.

भाऊंनी पौर्णिमाकडे पाहिलं. घसा हलला. बराच वेळ हलला, मध्ये थांबला, पुन्हा हलला. कपाळावर घाम आला.

"हे मला समजलं नाही," लॅपटॉप म्हणाला. "कोणी सांगेल का?"

पौर्णिमानं काकूंकडे पाहिलं. काकूंना कळलं होतं. त्यांच्या चेहऱ्यावरून ते सरळ दिसत होतं. त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या. बाहेर एक भंगारवाला ओरडत गेला. लॅपटॉपनं पुन्हा तेच विचारलं.

"पाणी मागत असतील," पौर्णिमा हळूच म्हणाली. तिला काकूंना त्या अडचणीतून सोडवायचं होतं. "राहू द्या काकू."

"पाणी नाही मागत," काकू म्हणाल्या.  "तू चिप फोडली ते कोणी न विचारता सांगितलं, अन मी ऐकलं नाही असं करू का आता? असं म्हणतात ते, की तू त्या दिवशी खरं बोलली. खोटं माह्यं होतं. मले माहीत होतं अन तरी मी तुले घालवलं. अन मी मंदेले हे कधी सांगितलं नाही, ती उगाच तुह्या नावानं बोटं मोडत राहिली."

यंत्रानं विचारलं, "बरोबर?"

भाऊंची भुवई वर गेली आणि वरच राहिली.

मग नव्या चिपनं ते वाक्य पहिल्यांदा स्वतःच्या आवाजात म्हटलं, अडखळत, एकदा मध्येच "नागपूर" घालून. कोणी हसलं नाही. पौर्णिमा खाली बसून भाऊंच्या चांगल्या हातावर डोकं टेकवून रडली, मोठ्यानं, जशी ती भाऊंचं दुकान सोडलं त्या दिवशीही रडली नव्हती.

काकू उठून स्वयंपाकघरात गेल्या. तिथून त्यांचा आवाज आला की भाकरी टाकते आहे, जेवल्याशिवाय जायचं नाही.